उचल : कर्ज की बेडी?

दिवाळी सरते न सरते तोच बागलाणच्या पश्चिम पट्ट्यातून आणि शेजारच्या साक्री, नवापूर भागातून माणसांनी भरलेल्या गाड्या निघतात. भांडीकुंडी, सरपणाची मोळी, कोंबड्या, लहान मुले आणि सर्वांत वर कोयते. कोणी गुजरातेत बारडोलीकडे, कोणी नगर-पुण्याकडे. कोठे चाललात असे विचारले तर उत्तर येते, “उचल घेतली आहे, फेडायला चाललो.” कामाला चाललो असे कोणी म्हणत नाही. या एका शब्दात आपल्या विषयाचे मर्म आहे. प्रस्तुत लेखात उचल म्हणजे काय, ती केव्हा वेठ ठरते आणि कारखान्याने ती टाळण्यासाठी काय करावे, याचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

वेठीचा पूर्वेतिहास

वेठबिगारी आपल्याकडे नवी नाही. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापोटी आदिवासी तरुण आपल्या पत्नीसह त्याच्या घरी राबत असे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये वारल्यांनी या वेठीविरुद्ध जो उठाव केला त्याची हकिगत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात सांगितली आहे. पुढे १९८२ पासून विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वसई भागातील वेठबिगारांच्या मुक्तीचे काम केले. हे सर्व इतिहासजमा झाले असे मानावे, तर २०२२ मध्ये आपल्याच नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात, कातकरी मुले अल्पशा रकमेवर व एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबावयास दिल्याचे उघडकीस आले. त्यांतील एका मुलीचा मृत्यू झाला, तेव्हा कोठे हे प्रकरण जगापुढे आले.

उचलीचे गणित

ऊसतोडणीत पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हिशेब माणसाचा नव्हे, कोयत्याचा! कारखाना तोडणी-वाहतुकीच्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम देतो, ठेकेदार मुकादमाला देतो आणि मुकादम पावसाळ्यातील अडचणीच्या दिवसांत ती कोयत्याच्या हाती ठेवतो. मुलीचे लग्न, आजारपण, फुटकी विहीर यांत ती खर्च होते. काम पुढे, पैसा आधी खर्च झालेला, अशी ही उलटी मजुरी होय.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ व मजूर संघटना यांच्यात तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनामागे ३६६ रुपयांच्या आसपास गेला. आता एक हिशेब करून पाहू. समजा, एका कोयत्याने १ लाख रुपये उचल घेतली व रोज दोन टन ऊस तोडला. दिवसाचे ७३२ रुपये झाले. म्हणजे उचल फिटण्यास सुमारे १३७ दिवस हवेत, तेही एकही खाडा न करता आणि आठवड्याच्या खर्चासाठी एक पैसाही न घेता. दुष्काळामुळे हंगाम १०० दिवसांतच आटोपला तर ७३,२०० रुपये फिटतात आणि २६,८०० रुपये ‘बाकी’ राहते. ही बाकी पुढील हंगामाची बेडी ठरते. त्यात वही मुकादमाच्या हाती. मजुराच्या हाती फक्त अंगठा.

या गणिताचा सर्वांत मोठा भार स्त्रीवर पडतो. आजारपणाचा खाडा परवडत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यासाठी लागणारा पैसाही पुष्कळदा पुन्हा उचलीतूनच येतो.

कायदा काय म्हणतो?

येथे कोणी विचारील, “उचल तर मजूर राजीखुशीने घेतो, मग ती वेठ कशी?” आक्षेप विचारार्ह आहे. सर्वच उचल वेठ नव्हे. परंतु घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस बंदी केली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे म्हणजे सक्तीचे श्रमच होत, असा निर्णय दिला. सक्ती केवळ काठीची नसते. भुकेची व नाइलाजाचीही असते, हे न्यायालयाने मान्य केले.

१९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने तर वेठीचे कर्जच रद्दबातल ठरविले. वेठबिगारी नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला. जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमण्याची तरतूद केली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे ज्या मजुराला बाकीपोटी दुसरीकडे जाऊ दिले जात नाही, तो कायद्याने ऋणको उरतच नाही. हे त्याला ठाऊक नसते, हीच खरी शोकांतिका!

कारखान्याची जबाबदारी

“आमचा करार ठेकेदाराशी, मजूर आमचे नव्हेत,” असा युक्तिवाद केला जातो. पण ऊस कारखान्याचा, तोडणीचा कार्यक्रम कारखान्याचा, उचलीचा पैसाही मुळात कारखान्याचा. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते व नव्या श्रमसंहितांतही ते आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठ्याच्या साखळीत दास्य नाही ना, यासाठी काय केले याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावे लागते. साखर घेणाऱ्या शीतपेयांच्या व मिठाईच्या कंपन्यांनीही हा प्रश्न कारखान्याला विचारला पाहिजे.

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत :

१. उचलीचा हिशेब मजुराच्या स्वतंत्र पुस्तिकेत, मराठीत लिहावा व त्याची प्रत कारखान्याने ठेवावी.

२. मजुरी थेट बँकेत, पतीची पतीच्या व पत्नीची पत्नीच्या नावे जमा करावी.

३. हंगामाअखेरची बाकी पुढे ओढू नये, आणि बाकीसाठी माणूस अडवू नये.

४. आजारपणाच्या खाड्याचा दंड बंद करावा.

५. टोळीतील मुलांची नोंद करून शाळेची सोय करावी.

६. तक्रार ऐकणारा माणूस मुकादमाच्या गोतावळ्याबाहेरचा असावा.

शासनाने गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापिले आहे, मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजनाही काढली आहे. या गोष्टी स्वागतार्ह खऱ्या. पण मुळाशी असलेली वही जोवर उघडी होत नाही तोवर त्या वरवरच्या मलमपट्ट्या ठरतील.

आपण काय करू शकतो?

दिवाळीच्या सुटीनंतर आपल्या वर्गातीलही काही बाक रिकामे राहतात. हजेरी घेताना नाव पुकारले जाते, कोणीतरी मागून “तोडीला गेला” असे सांगते आणि पुढचे नाव घेतले जाते. अर्थशास्त्राच्या तासाला आपण श्रमाची गतिशीलता शिकतो. ही गतिशीलता की फरफट, हे त्या बाकाला विचारावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एका शिबिरात आपण गाड्या निघण्यापूर्वी पाड्यावर जाऊन उचलीचे हिशेब लिहून दिले आणि १९७६ चा कायदा वाचून दाखविला तर? अक्षरओळख असलेल्या माणसाने एवढे करणे म्हणजे उपकार नव्हे. आपल्या चहात पडणाऱ्या साखरेचे ते देणे आहे.