पुढारीपण, मैत्री व आरोग्य: दूर उत्तरेकडील एका वर्गाचा धडा



चांगला पुढारी कसा असावा, मित्र कसा निवडावा व आरोग्य कसें राखावें, हे तीन विषय आपल्या शाळांतून बहुधा तीन निरनिराळ्या दिवशीं शिकविले जातात. मुलें उत्तरें पाठ करितात, विचारलीं म्हणजे घडाघडा म्हणून दाखवितात, आणि घरीं गेल्यावर पूर्वीप्रमाणेंच वागतात. असें कां व्हावें, याचा विचार करण्यासाठीं आज आपण फार दूरच्या एका वर्गाकडे पाहूं. तेथें हे तिन्ही विषय पाठांतरावांचून शिकविले गेले, आणि तिहींचें मूळ एकच आहे असें दिसून आलें.

१. तें ठिकाण

कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतांत अगदीं उत्तरेस नुनाविक नांवाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथें इनुइट लोकांचीं चौदा गांवें आहेत. एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाणारा रस्ता नाहीं. वर्षभर दळणवळण विमानानें चालतें. उन्हाळ्यांत समुद्रावरील बर्फ वितळलें म्हणजे जहाज येतें, व त्यांतून जड सामान उतरतें. ह्या चौदांपैकीं सालुइत हें गांव सुमारें ६२ उत्तर अक्षांशावर एका अरुंद खाडीच्या कांठीं वसलें आहे. लोकवस्ती दीड हजारांच्या आसपास. भोंवतीं डोंगर आहेत, पण त्यांवर वृक्ष नाहींत. डिसेंबरांत दिवसाचा उजेड जेमतेम पांच तास. "सालुइत" या शब्दाचा अर्थ "रोडावलेले लोक" असा सांगतात. पूर्वीं एकदां तेथें शिकार न मिळाल्यामुळें लोकांची उपासमार झाली, त्यावरून तें नांव पडलें.

अशा ठिकाणीं बाहेरून येणारे शिक्षक फार दिवस टिकत नाहींत. पुष्कळ जण वर्षाच्या मध्येंच निघून जातात. मूल एका शिक्षकाशीं जरा मोकळेपणानें बोलूं लागतें न लागतें, तोंच दुसरा येतो. नोव्हा स्कोशिया प्रांतांतील मॅगी मॅक्डोनेल ह्या बाई मात्र २०१० च्या सुमारास तेथें गेल्या व सहा वर्षें राहिल्या. त्यापूर्वीं पांच वर्षें त्यांनीं आफ्रिकेंत एड्स रोगाच्या निवारणाचें काम केलें होतें. २०१७ सालीं मार्च महिन्यांत त्यांस दुबई येथें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें. त्याची रक्कम दहा लक्ष डॉलर होती. पण आपला धडा त्या रकमेंत नाहीं. तो त्या वर्गांत आहे.

२. रिकामी जागा

२०१५ सालीं त्या लहानशा गांवांत सहा तरुणांनीं आत्महत्या केली. सर्व मुलगे होते, व सर्वांचें वय अठरा ते पंचवीस वर्षांचें होतें. दीड हजार वस्तीच्या गांवांत सहा! आपल्यापैकीं ज्यांनीं आपल्या गांवांत असें एक जरी मरण पाहिलें असेल, त्यांस याचा अर्थ सांगावयास नको. ज्याची जागा रिकामी होते, तो कोणाचा भाऊ, कोणाचा वर्गमित्र, कोणाचा चुलता असतो. दुसऱ्या दिवशीं शाळा भरते तेव्हां वर्गांत एक बाक रिकामें असतें, व सर्व वर्ग निःशब्द असतो, असें मॅक्डोनेल बाईंनीं सांगितलें आहे.

त्या दिवशीं शिक्षकानें काय शिकवावें? भूगोलाचें पान उलटावें काय? ज्या मुलांस आपल्यावांचून कोणाचें कांहीं अडत नाहीं असें वाटतें, त्यांच्यापुढें आरोग्याचे नियम वाचून दाखविल्यानें काय होणार? ज्यास जगावेंसेंच वाटत नाहीं, तो दांत कशासाठीं घासील?

३. दुःखाचें मूळ

हें दुःख थंडीमुळें किंवा अंधारामुळें उत्पन्न झालेलें नाहीं. इनुइट लोक हजारों वर्षें त्याच थंडींत राहिले, व त्यांनीं सील, रेनडिअर व मासे यांवर आपलीं लेंकरें वाढविलीं. कॅनडांत मूळ रहिवाशांच्या दीड लक्षांहून अधिक मुलांस, इनुइट मुलांसुद्धां, निवासी शाळांत घातलें गेलें. पुष्कळांस आईबापांपासून बळजबरीनें दूर नेण्यांत आलें, व त्यांस मातृभाषा बोलण्याची मनाई झाली. ह्या शाळा सरकारच्या पैशानें चालत, व त्यांतील बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांच्या हातीं होत्या. तेथें मुलांस मारहाण झाली, अत्याचार झाले, व हजारों मुलें मरण पावलीं. अँग्लिकन मंडळीनें १९९३ सालीं व सरकारनें ११ जून २००८ रोजीं याबद्दल जाहीर क्षमा मागितली. चौकशी मंडळाचा अखेरचा अहवाल २०१५ सालीं प्रसिद्ध झाला.

ह्या गोष्टी आपण ख्रिस्ती लोकांनीं खालीं मान घालून वाचाव्या अशा आहेत. इनुइट मुलें जी लिपि शिकतात, तिचा पाया जेम्स इव्हान्स ह्या मिशनऱ्यानें १८४० सालीं क्री लोकांकरितां घातला, व पुढें इतर मिशनऱ्यांनीं ती इनुइटांच्या इनुक्टिटूट भाषेस लाविली. तिच्या अक्षरांच्या घडणींत आपल्या देवनागरीचाहि अंश आहे असें विद्वानांचें मत आहे. म्हणजे ज्या मंडळ्यांनीं एका हातानें ह्या लोकांस अक्षर दिलें, त्यांच्यापैकींच कांहींनीं दुसऱ्या हातानें मुलांची भाषा हिरावून घेतली. दोन्ही ठिकाणीं मुलांचें कल्याण करावें हाच हेतु सांगितला जात होता. तेव्हां चांगला हेतु पुरेसा नाहीं. ज्याचें कल्याण करावयाचें, त्याच्या घराचा व भाषेचा मान राखिला आहे कीं नाहीं, हेंहि पाहिलें पाहिजे. १९७५ च्या करारानंतर नुनाविकच्या शाळांचा कारभार तेथील लोकांच्या स्वतःच्या मंडळाकडे आला, व आतां मुलें पहिलीं वर्षें मातृभाषेंतच शिकतात.

४. तीन विषय, एक मूळ

मॅक्डोनेल बाईंची रीति थोडक्यांत अशी होती: मुलास अडचण समजूं नये, अडचण दूर करणारा समजावें. गांवाच्या खऱ्या गरजांपैकीं एक गरज त्याच्या हातीं द्यावी, व तो ती भागवील असा विश्वास ठेवावा.

पुढारीपण. त्यांच्या वर्गांतील मुलें गांवच्या बालसंगोपन गृहांत जाऊन लहान लेंकरें सांभाळण्याचें काम शिकूं लागलीं. त्यांस शिकविणाऱ्या बाहेरगांवच्या पंडिता नव्हत्या. त्या त्याच गांवांतील अनुभवी बाया होत्या. मुलांनीं गांवासाठीं सामाईक स्वयंपाकघर चालविलें. आतां विचार करा: ज्या मुलीला शाळेंत कोणी ओळखीत नव्हतें, तिची तीन वर्षांचें लेंकरूं दाराशीं वाट पाहतें. ज्या मुलास "तुझ्यानें कांहीं होणार नाहीं" असें सांगण्यांत येई, त्याच्या हातची भाकरी म्हातारीच्या घरीं पोंचते. पुढें उभें राहून भाषण करणें हें पुढारीपण नव्हे. आपल्यावर कोणी अवलंबून आहे हें जाणून वेळेवर हजर होणें, हाच पुढारीपणाचा श्रीगणेशा.

मुलींसाठीं बाईंनीं जीवनोपयोगी शिक्षणाचा एक स्वतंत्र क्रम चालू केला. त्यायोगें मुलींची भरती शेंकडा पांचशेंनीं वाढली असें पारितोषिक देणाऱ्या संस्थेनें नमूद केलें. लहान गांवांत मूळचा आंकडा लहान असल्यानें शेंकडेवारी लवकर फुगते हें खरें. तरी मुली शाळेंत परत आल्या, ही गोष्ट मोठी आहे.

मैत्री. मुलांस आत्महत्या टाळण्याविषयींचें शिक्षण देण्यांत आलें. त्यांतील मुख्य गोष्टी आपणहि शिकाव्या अशा आहेत. जो मित्र एकाएकीं एकटा राहूं लागतो, आपल्या आवडत्या वस्तु वांटून टाकतो, किंवा "माझ्यावांचून तुम्ही सुखी व्हाल" असें बोलतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करूं नये. त्यास सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार त्याच्या मनांत शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणी विचारलें म्हणजे मनावरचें ओझें हलकें होतें. त्यास उपदेश करूं नये, दोष देऊं नये, एकटें सोडूं नये. आणि "कोणास सांगूं नको" असें तो म्हणाला तरी विश्वासू वडील माणसास सांगावें. असें गुपित राखणें ही मैत्री नव्हे. आपल्या देशांत १० ऑक्टोबर २०२२ पासून "टेलि-मानस" नांवाची सरकारी सेवा चालू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर फोन केल्यास रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें, व मराठींतहि बोलतां येतें. प्रत्येक शाळेच्या व प्रत्येक मंडळीच्या भिंतीवर हा आंकडा लिहून ठेवावा.

आरोग्य. बाईंनीं गांवांत तरुणांसाठीं व मोठ्यांसाठीं व्यायामशाळा उघडण्यास साहाय्य केलें, व धांवणाऱ्यांचें एक मंडळ काढलें. नियमित धांवल्यानें झोंप नीट लागते व मनाची उदासी कमी होते, हें वैद्यशास्त्रास मान्य आहे. पण येथेंहि खरें बळ मंडळांत आहे. थंडींत अंथरुणांतून उठण्यास एकट्याचा निश्चय पुरत नाहीं. सोबती बाहेर वाट पाहत आहे, ह्या जाणिवेनें पाय आपोआप उचलतात. अन्नाविषयींहि एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुकानांत दुरून आलेलीं फळें व भाज्या फार महाग, व बाटलींतील गोड पाणी सहज मिळणारें. त्यामुळें दांत किडतात व मधुमेहाचें भय वाढतें. याउलट इनुइटांच्या जुन्या आहारांत सत्त्व भरपूर आहे. देवमाशाच्या कच्च्या कातड्यांत तर फळांतून मिळणारें क जीवनसत्त्वसुद्धां असतें. म्हणजे आरोग्य शिकविण्यासाठीं आजीचें अन्न हीन ठरवावें लागत नाहीं.

पाहा, तिन्ही विषय कसे एकांत एक गुंतले आहेत! जो लेंकरूं सांभाळतो, तो वेळेवर निजतो. जो सोबत्यासाठीं उठतो, त्याचें शरीर सुधारतें. आणि ज्याची कोणी वाट पाहतें, त्यास जगण्याचें कारण मिळतें. "माझी येथें गरज आहे" ही जाणीव हेंच तें एक मूळ.

५. एक सावधगिरी

एका बाईंनीं सर्व गांव तारलें असें कोणी समजूं नये. त्यांनीं स्वतः कित्येक मुलांस, त्यांत आपल्या विद्यार्थ्यांसहि, कांहीं काळ आपल्या घरीं ठेवून सांभाळलें. तरी त्यांच्या काळांतच तीं मरणें घडलीं. दाटीनें भरलेलीं घरें, क्षयरोग, वैद्यांची वाण, हीं दुःखें धांवण्यानें जात नाहींत. त्यांसाठीं सरकारनेंच झटलें पाहिजे. शिक्षकाच्या हातीं सर्व नाहीं. पण टिकून राहणें त्याच्या हातीं आहे, आणि मुलावर विश्वास टाकणेंहि त्याच्या हातीं आहे.

६. आपल्या गांवीं

२०२० सालीं हेंच पारितोषिक सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस मिळालें. त्यांनीं अर्धी रक्कम अखेरच्या फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून देण्याचें तत्काळ जाहीर केलें. ज्यांच्याशीं चढाओढ, त्यांसच सोबती मानणें, हा मैत्रीचा धडा पुस्तकांत लिहिलेल्या धड्याहून मोठा होय.

आपल्यापाशीं दहा लक्ष डॉलर नाहींत, पण काम पुष्कळ आहे. शाळा सोडून पारावर बसलेल्या मुलावर आपण रागावतों. त्याच्यावर कधीं एखादें काम सोंपविलें आहे काय? हातपंपाभोंवतालची घाण काढण्याचें, आजाऱ्याचें औषध आणण्याचें, लहान मुलांस पाढे शिकविण्याचें काम त्याच्या हातीं द्या. काम खरें असावें; तें न झाल्यास कोणाचें तरी अडावें. पहिल्या वेळीं तो चुकेल. काम काढून घेऊं नका. ज्वारी, बाजरी व नाचणी यांस गरिबांचें अन्न म्हणून हिणवूं नका, व पुडींतील खारे-तिखट पदार्थ मुलांच्या हातीं देण्यांत मोठेपणा मानूं नका. आणि शिक्षकहो, उपदेशकहो, ज्या गांवीं गेलां, तेथें टिकून राहा. आपण सकाळीं पुन्हां दिसलों, हीच पुष्कळ मुलांस पहिली खात्री असते.

विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या वर्गांत किंवा मंडळींत असें कोणतें मूल आहे, कीं जें आलें नाहीं तरी कोणाच्या लक्षांत येत नाहीं? ह्या आठवड्यांत त्याच्या हातीं कोणतें खरें काम देतां येईल?

२. आपल्या गांवांतील कोणत्या वृद्ध स्त्रीपुरुषांकडून मुलांस एखादी कला शिकवितां येईल? त्यांस शाळेंत कोण बोलावील?

३. मुलाच्या घरची बोली आपण शाळेंत चालूं देतों, कीं तिला हंसतों?

४. एखाद्या तरुणाचें मन खचलें असें दिसल्यास आपल्या मंडळींत त्यानें कोणाकडे जावें? तें त्यास ठाऊक आहे काय?

ह्या प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहून ठेवण्याऐवजीं पुढील सभेपर्यंत त्यांपैकीं एक तरी करून पाहावें, व काय घडलें तें सभेंत सांगावें.