फुकेतला निघण्याआधी जरा ऐक

अगं चिनू, जुलैत फुकेतचं पॅकेज स्वस्तात मिळालं म्हणून खूश आहेस, पण ते स्वस्त का, हेही माहीत असू दे. मे ते ऑक्टोबर तिथेही आपल्यासारखाच नैर्ऋत्येचा पाऊस, आणि पातोंग, कारोन, काता हे किनारे पश्चिमेकडे तोंड करून बसलेले. लाल बावटा दिसला की पाण्यात शिरायचं नाही. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला पट्टा तेवढा शांत दिसतोय, तर ओढ तिथेच असते बघ. नवखी माणसं नेमकी तीच जागा पोहायला निवडतात. सापडलीसच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नकोस. तरंगत राहा, हात वर कर, जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरक.

आई ओआरएसची पाकिटं बांधून देईल, घे. नळाचं पाणी टाळलंस, गरम खाल्लंस की पोटाचं निम्मं काम झालं.

मला धास्ती आहे ती तुझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या स्कूटरची. तिथेही वाहनं डावीकडूनच चालतात, म्हणून आपल्या लोकांना जोर चढतो. पातोंगचा घाटरस्ता पावसात निसरडा होतो, आणि हे चपला घालून, हेल्मेट हँडलला अडकवून निघणार! इंटरनॅशनल परमिटवर दुचाकीची नोंद नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. त्यापेक्षा टॅक्सी करा.

माकडांना केळी देत फोटो नकोत. चावलं, ओरखडलं तर 15 मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धू आणि त्याच दिवशी रेबीजची लस घे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आलाच तर ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको, पॅरासिटामॉलच घे आणि डॉक्टरांना फुकेतचं आधी सांग.

आता आईसमोर बोलता येणार नाही ते. ओल्या स्विमसूटमध्ये दिवसभर बसू नकोस. जवळीक झाल्यावर लघवीला जाऊन ये, पाणी भरपूर पी. नव्या नवरीला लघवीची जळजळ बऱ्याचदा गाठते, आणि लाजेपायी ती अंगावर काढली तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो. जळजळ सुरू झाली की सरळ डॉक्टर गाठ.

रुग्णवाहिकेचा 1669 नंबर दोघांच्या फोनमध्ये टाक. स्कूटरचं मात्र तूच सांग हं, माझं नाव घेऊ नकोस. आधीच मी त्याची आकडसासू!