बॉनेटवरचा थेंब आणि बोअरचं पाणी

गाडीला सिरॅमिक कोटिंग करून देणाऱ्या दुकानात एक प्रयोग हमखास दाखवतात. बॉनेटच्या अर्ध्या भागाला कोटिंग लावलेलं असतं, उरलेला अर्धा भाग तसाच ठेवलेला. वरून बाटलीनं पाणी सोडलं की एकीकडे ते पसरतं, चिकटून राहतं. दुसरीकडे त्याचे टपोरे मणी होतात आणि घरंगळत निघून जातात. "मॅडम, पाणी थांबतच नाही बघा," असं म्हणत दुकानातला मुलगा पुन्हा बाटली उचलतो. माझ्या गडद निळ्या गाडीच्या वेळीही हेच झालं. त्यात फसवाफसवी काही नव्हती, पाणी खरंच पळत होतं. पण पुढच्या उन्हाळ्यात त्याच बॉनेटवर पांढरट वर्तुळं उमटली, मग छतावर, मग डाव्या बाजूच्या दारांवर. शाम्पूनं धुऊनही ती गेली नाहीत.

कोटिंग उडालं असेल, असं कोणालाही वाटेल. पण कोटिंग जागेवर होतं. पाण्याचे मणी तेव्हाही तितकेच टपोरे होत होते. डाग पडले ते त्या मण्यांमुळेच. हे कसं होतं ते नीट कळलं तर कोटिंगवर पैसे घालायचे की नाही आणि घातले तर पुढं काय सांभाळायचं, हे ज्याचं त्याला ठरवता येईल. म्हणून सविस्तर सांगते.

पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. शाळेत आपण पृष्ठताण म्हणून शिकलो तो हाच. खालच्या पृष्ठभागाची ओढ जास्त असेल तर पाणी पसरतं, कमी असेल तर ते स्वतःतच गोळा होतं. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानं १८०५ मध्ये त्याचा हिशेब मांडला. कोन ९० अंशांहून कमी असेल तर पृष्ठभाग पाणी धरून ठेवणारा, जास्त असेल तर झटकणारा. ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडापासून मिळणारं कार्नोबा मेण घ्या, सिंथेटिक सीलंट घ्या नाहीतर सिरॅमिक, चांगल्या अवस्थेत सगळेच हा कोन नव्वदीच्या पुढं नेतात, साधारण १०० ते ११० पर्यंत. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर रसायन कितीही भारी असो, तो १२० च्या आसपास अडकतो. अळवाच्या पानावर मात्र तो १५० च्या वर जातो, कारण ते पान गुळगुळीत नसतंच. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर उंचवटे आणि मेणाचे बारीक कण दिसतात, आणि थेंब त्या टोकांवर, खाली हवा ठेवून बसतो. गाडीचा रंग तसा खडबडीत केला तर चकाकीच जाईल. त्यामुळे आरशासारखी चमक आणि अळवावरचं पाणी, दोन्ही एकाच डबीत मिळतील असं कोणी सांगितलं तर तिथं पैसे काढू नका.

दुकानातल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही. तिथं पाणी भरपूर ओततात, आणि मोठा थेंब स्वतःच्या वजनानंच उतारावरून निघून जातो. रोजच्या आयुष्यात गाडीवर पडतो तो बारीक फवारा किंवा अर्धवट सर. बॉनेटचा आणि छताचा मधला भाग जवळजवळ सपाट असतो. हलका थेंब तिथं गोल होतो आणि तिथंच बसून राहतो. थेंब किती गोल झाला आणि थेंब किती सहज सरकला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीच्या दृष्टीनं महत्त्वाची दुसरी. बिनकोटिंगच्या रंगावर तेच पाणी पातळ पसरतं, लवकर सुकतं आणि त्यातले क्षार सगळीकडे थोडे थोडे विखुरतात. मण्यात ते एका जागी साठतात.

एका सकाळी बॉनेटवरचा एक थेंब सुकून जाईपर्यंत मी जवळून पाहिला. कड जिथं होती तिथंच राहिली, फक्त उंची उतरत गेली. मग कडेला पांढरी रेघ दिसू लागली, मधलं पाणी आटत आटत संपलं आणि वर्तुळ उरलं. त्यावरून नख फिरवलं तर कड लागत होती. सुकलेल्या कॉफीच्या डागाची कडच गडद का असते, याचा उलगडा शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये केला होता. कडेला बाष्पीभवन जास्त होतं, ती तूट भरून काढायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि सोबतचे कण तिथं नेऊन टाकतं. गाडीवर कॉफीच्या जागी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतात, एवढाच फरक.

दुकानात तक्रार घेऊन गेले तेव्हा सांगण्यात आलं, "थेंब भिंगासारखं काम करतो, उन्हानं रंग भाजतो." ही समजूत फार पसरलेली आहे. २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी झाडांच्या पानांवर हे तपासलं. गुळगुळीत पानांवर बसलेल्या थेंबांनी पानं भाजली नाहीत. पृष्ठभागाला टेकून बसलेल्या थेंबात ऊन एकवटतं ते पृष्ठभागाच्या खाली कुठंतरी, पृष्ठभागावर नाही. गाडीच्या रंगालाही हाच हिशेब लागू पडतो. उन्हाचा दोष आहे तो वेगळा. ऊन थेंब झपाट्यानं सुकवतं आणि तापलेल्या पत्र्यावर क्षार रंगाला घट्ट धरतात. गडद रंगाच्या गाडीच्या बॉनेटवर एप्रिल-मे महिन्यात हात ठेवून पाहा, म्हणजे कल्पना येईल.

माझ्या बाबतीत पाणी कुठून येत होतं? पार्किंगशेजारी सोसायटीचं लॉन आहे आणि पहाटे तिथं स्प्रिंकलर चालू होतो. पाणी बोअरचं. तुषार डाव्या बाजूवर आणि बॉनेटवर पडायचे, लगेच ऊन यायचं, आणि हे रोज. डाग डाव्याच दारांवर का, याचं उत्तर तिथं उभं राहिल्यावर मिळालं. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये वापराचं पाणी बोअरचं किंवा टँकरचं असतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. ६०० चं एक लिटर पाणी गाडीवर वाळलं तर अर्ध्या ग्रॅमहून जास्त क्षार गाडीवरच राहतात.

यातच आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. पाणी वाचावं म्हणून बरेच जण आरओ फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्यानं गाडी धुतात. हेतू उत्तमच आहे. पण आरओ गोडं पाणी तुम्हाला देतो आणि मागं राहिलेले क्षार त्या नळीत सोडतो. म्हणजे ते पाणी तुमच्या नळाच्या पाण्याहूनही जड असतं. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा, गाडीला नको. गाडीसाठी साठवायचंच असेल तर एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साठवा. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, क्षार जवळजवळ नसतातच. धुतलेल्या गाडीवरून शेवटची बादली त्याची ओतली की काम झालं. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी आहेच.

डाग पडलेच तर घाई करू नका. आधी सावलीत, गार पत्र्यावर साध्या कार शाम्पूनं धुऊन पाहा. उरलेल्या पांढऱ्या वर्तुळांवर पांढरं व्हिनेगर आणि तितकंच डिस्टिल्ड पाणी मिसळून, मायक्रोफायबरचं फडकं त्यात भिजवून मिनिट-दोन मिनिटं ठेवा. सुकू देऊ नका, लगेच भरपूर पाण्यानं धुवा, आणि आधी कुठंतरी कोपऱ्यात करून बघा. क्षार असतील तर विरघळतात. बाथरूमच्या टाइल्सचं किंवा संडासाचं ॲसिड मात्र गाडीजवळ आणू नका. क्रोमची पट्टी काळवंडलेली मी पाहिली आहे. व्हिनेगरनंही जे जात नाही, बोट फिरवल्यावर जिथं खळगा जाणवतो, तिथं क्षारांनी वरचा थर खाल्लेला असतो. मग पॉलिशिंगच. तेही विचार करून, कारण रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट बहुतेक गाड्यांवर अवघा ४०-५० मायक्रॉनचा असतो आणि प्रत्येक पॉलिशिंगमध्ये त्यातले काही मायक्रॉन जातात, ते परत येत नाहीत. ज्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे आणि जो तुमच्यासमोर मोजून दाखवतो, त्याच्याकडेच जा. माझ्या गाडीवरची खोल वर्तुळं मी तशीच ठेवली आहेत. क्लिअर कोट पातळ करण्यापेक्षा ती परवडली.

मणी बघून कोटिंगची परीक्षा करणंही सोडून द्या. गाडीवर धूळ-तेलाचा थर बसला की चांगल्या कोटिंगवरही पाणी पसरतं, आणि लोक घाबरून पुन्हा कोटिंग करून घेतात. उलट मेण मिसळलेला शाम्पू किंवा चकाकीचा स्प्रे मारला की खाली काही नसतानाही आठवड्या-दोन आठवड्यांपुरते सुंदर मणी होतात. सर्व्हिसिंगहून आलेली गाडी पहिल्या पावसात अशीच खुलते. साध्या शाम्पूनं स्वच्छ धुवा, वाळवा आणि मग पाणी सोडून बघा. ते सरकतं का, ते पाहा. कोटिंग विकताना सांगतात त्या '९एच' या आकड्याबद्दलही तसंच. तो पेन्सिलींच्या कठीणपणाच्या मोजमापातला आकडा आहे. धुळीतली वाळू त्याहून कठीण असते.

आणि वाळू म्हटलं की रोज सकाळचं फडकं आलंच. आमच्याकडे गाड्या पुसणारे काका एका बादलीत सगळ्या ओळीच्या गाड्या उरकतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, महिन्याकाठी आपण त्यांना देतो त्यात तेवढंच होणार. मी त्यांच्याशी बोलून ठरवलं: रोज कोरडी धूळ पुसायची नाही, आठवड्यातून दोनदा भरपूर पाण्यानं धुवायची, शाम्पूची आणि खंगाळायची बादली वेगळी, शेवटी जाड मायक्रोफायबरनं टिपून कोरडी करायची. फडकी माझी, पैसे वाढवून. "ताई, पुसली नाही तर लोक म्हणतात कामच केलं नाही," असं ते म्हणाले, आणि ते खरंच आहे. हे आपण गाडीवाल्यांनीच बदलायला हवं. कोटिंग केलेली गाडी तर पाणी टिपल्याशिवाय उन्हात सोडूच नये. स्प्रिंकलरचं तोंड वळवून घ्यायला सोसायटीत अर्ज द्यावा लागला, तो दिला आणि काम झालं.

गाडी सावलीत उभी राहते, गोडं पाणी मिळतं आणि टिपून घेणारा हात आहे, अशांना कोटिंग जरूर फायद्याचं आहे. धुणं सोपं होतं, पक्ष्याची घाण लवकर सुटते. उघड्यावर, बोअरच्या पाण्यावर गाडी ठेवणाऱ्यांनी आधी घरातल्या आरओवाल्याकडून टीडीएस मीटर मागून सोसायटीचं पाणी मोजावं. आकडा मोठा आला तर कोटिंगचे पैसे थांबवा, दर एक-दोन महिन्यांनी साधं मेण लावा. आणि तरीही कोटिंग करायचंच असेल तर पैसे देण्याआधी वॉरंटीचा कागद मागून घ्या आणि 'पाण्याचे डाग' हे शब्द त्यात कुठं आहेत ते शोधा. माझ्या कागदावर ते होते, न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत.