क्यूआर कोड लागला, पुढचं काम कोण करणार?

ऑनलाइन व्यवसाय म्हटलं की पालकांना दिसतो तो पुण्या-बंगळुरूचा कोडिंग करणारा इंजिनिअर. कॉम्प्युटरचा प्रवेश हुकला आणि मूल कॉमर्सला गेलं की घरात सुतक. हे सुतक अनाठायी आहे. यूपीआय २०१६ साली आलं. ऑगस्ट २०२३मध्ये त्याचे महिन्याचे व्यवहार हजार कोटींवर गेले. भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड लागला. पण पैसे ऑनलाइन घेणं वेगळं आणि धंदा ऑनलाइन करणं वेगळं. पहिलं आपल्याकडे झालं, दुसरं बरंचसं राहिलंय, आणि ते अडलंय ते ॲपवाचून नाही, माणसांवाचून.

कोल्हापुरी चपलेचंच घ्या. २०१९मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तेवढ्याने ती नागपूरच्या गिऱ्हाइकाच्या पायात जात नाही. पायाचं माप सेंटीमीटरमध्ये द्यावं लागतं, टाके आणि तळ दिसेल असा फोटो लागतो, करासाठी मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड अचूक हवा. मग खोक्याचा हिशेब. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५०००ने भागतात. म्हणजे ३० × २५ × १२च्या खोक्यात सहाशे ग्रॅमची जोडी घातली, तरी भाडं १.८ किलोचं! कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातून परत आलं की नफा गेलाच. शेवटी पोर्टलने कमिशन, वाहतूक आणि टीसीएस हा कर कापून पाठवलेली रक्कम ऑर्डरनिहाय जुळवायची. यात कोडिंग कुठे आहे? हे बी.कॉम.च्या मुलामुलींचं काम आहे; फक्त कॉलेजात ते शिकवलेलं क्वचितच असतं.

छोटा दुकानदार यासाठी पगार देईल का, ही पालकांची शंका रास्त आहे. एकटा नाही देणार. पण तालुक्याचा कर सल्लागार कुठे एकाच दुकानावर जगतो? पाच-सहा दुकानांचं काम एकाने सांभाळणं हीच इथली रीत आहे. जीएसटीची धास्तीही थोडी उतरली आहे. ऑक्टोबर २०२३पासून, उलाढाल मर्यादेत असेल आणि माल राज्यातच विकायचा असेल, तर पोर्टलवरच्या छोट्या विक्रेत्याला नोंदणीची सक्ती नाही. नावनोंदणी क्रमांक पुरतो. राहिलं एआय. मालाचं वर्णन ते चुटकीसरशी लिहील, पण परत आलेली जोडी वापरलेली आहे की कोरी, हे हातात घेऊनच ठरतं. खरी अडचण वेगळी आहे. मोठ्या पोर्टलच्या सवलतींपुढे छोटा विक्रेता टिकत नाही. ती कोंडी फोडायला ओएनडीसी हे ऑनलाइन विक्रीचं खुलं जाळं २०२१च्या अखेरीस स्थापन झालं, तरी नुसत्या नोंदणीने गिऱ्हाईक येत नाही. त्यामुळे सुरुवातीची कमाई बेताचीच राहील, हे घरात आधीच बोलून ठेवा.

आणि महागड्या डिजिटल मार्केटिंग कोर्सची फी भरण्यापूर्वी एवढं करा: ओळखीच्या विक्रेत्याकडून पोर्टलचा एका महिन्याचा सेटलमेंट रिपोर्ट मागून घ्या आणि मुलीला किंवा मुलाला तो बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवायला बसवा.