गोल्फमधील पाचर आणि कोन

गोल्फ हा लांब टोल्यांचा खेळ आहे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. वडोदऱ्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे. तेथील खेळ दुरून पाहणाऱ्याच्या मनात हीच समजूत दृढ होते. परंतु या खेळाचा हिशेब मोठा विलक्षण आहे. अडीचशे मीटरांचा टोला आणि अडीच मीटरांचा टोला, दोहोंची गणना एकच. म्हणून भोकाच्या जवळ येऊन जो चार टोले उधळतो, त्याचा दुरून मारलेला सुंदर टोला वाया जातो.

या जवळच्या टोल्यांसाठी ज्या काठ्या वापरतात त्यांस ‘वेज’ म्हणतात. वेज म्हणजे आपली पाचर. काठीच्या टोकाचे लोखंडी पाते उभ्या रेषेपासून जितके मागे कललेले असते, त्या कोनास ‘लॉफ्ट’ असे नाव आहे. आपण त्यास कल म्हणू. पिचिंग वेजचा कल हल्ली सुमारे ४४ ते ४८ अंश असतो, गॅप वेजचा ५० ते ५२, सँड वेजचा ५४ ते ५६ आणि लॉब वेजचा ६० अंशांच्या आसपास. पिशवीत १४ पेक्षा अधिक काठ्या नेता येत नाहीत, हा निर्बंध अमेरिकेत १९३८ साली आला. तेव्हा दोन वेजांच्या कलांत चार ते सहा अंशांचे अंतर ठेवणे शहाणपणाचे. अंतर कमी ठेवले तर एक जागा फुकट जाते, अधिक ठेवले तर मधल्या पल्ल्याचा टोला अंदाजाने मारावा लागतो.

आता मुख्य प्रश्न असा : कोणता टोला कोणत्या कलाने मारावा? नवशिक्यास वाटते की कल जितका अधिक तितका चेंडू लवकर थांबणार, मग नेहमी ६० अंशांचीच काठी का घेऊ नये? येथे आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाची मदत होते. हवेचा विरोध सोडून दिला, तर समान वेगाने ३० अंशांत आणि ६० अंशांत उडालेले दोन चेंडू सारख्याच अंतरावर पडतात. ते अंतर १२ मीटर धरू. पहिला चेंडू सुमारे १.७ मीटर उंच जाईल, दुसरा ५.२ मीटर. पडताना पहिल्याचा आडवा वेग दुसऱ्याच्या पावणेदोन पट असेल. म्हणून पहिला पुढे दूरवर घरंगळेल आणि दुसरा थोडक्यात थांबेल. मात्र पात्याचा कल आणि चेंडूच्या उड्डाणाचा कोन एकच समजू नये. घर्षणामुळे चेंडूस उलटी फिरकी मिळते आणि तो पात्याच्या कलाहून बऱ्याच खालच्या कोनात निघतो.

खेळाडू अर्थातच मैदानावर त्रिकोणमिती करीत बसत नाहीत. त्यांचे ठोकताळे असतात. लहान टोल्यात पिचिंग वेजने चेंडू एक भाग हवेतून व दोन भाग जमिनीवरून जातो. सँड वेजने दोन्ही भाग सारखे. लॉब वेजने दोन भाग हवेत, एक भाग जमिनीवर. जमीन सपाट असली तरच हे खरे. समजा, भोक १५ मीटरांवर आहे आणि भोकाभोवतीची कातरलेली हिरवळ तीन मीटरांवर सुरू होते. पिचिंग वेजने चेंडू पाच मीटरांवर, म्हणजे हिरवळीच्या दोन मीटर आत पडेल आणि उरलेले दहा मीटर घरंगळत जाईल. काम झाले. पण मध्ये वाळूचा खड्डा असून हिरवळ नऊ मीटरांवर सुरू होत असेल, तर? पिचिंग वेजचा चेंडू पाच मीटरांवर, सँड वेजचा साडेसात मीटरांवर, दोन्ही वाळूत. येथे लॉब वेजच हवी. तिचा चेंडू दहा मीटरांवर पडतो.

माझे मत असे की, ज्या सर्वांत कमी कलाने काम भागते तोच कल निवडावा. तेवढेच अंतर अधिक कलाने गाठावयाचे तर काठी जोराने फिरवावी लागते. जोराच्या फटक्यात पात्याची धार चेंडूच्या पोटावर बसली, की चेंडू सरपटत हिरवळीच्या पलीकडे जातो. मोठ्या कलाची चूक महाग पडते ती अशी.

तरीही प्रसंग असा येतो की, धोका पत्करावाच लागतो. १९८२ साली कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत शेवटची दोन भोके उरली असता टॉम वॉटसन आणि आधीच खेळ संपविलेला जॅक निक्लॉस बरोबरीत होते. सतराव्या भोकापाशी वॉटसनचा चेंडू हिरवळीबाहेरच्या दाट गवतात अडकला. भोक अगदी जवळ, आणि तिकडची हिरवळ उताराची व गुळगुळीत. घरंगळण्यास वावच नव्हता. त्याने सँड वेज घेतली, तिचे पाते उघडे केले, म्हणजे कल आणखी वाढविला, आणि चेंडू अलगद उचलला. चेंडू भोकात गेला. अठराव्या भोकावरही एक टोला वाचवून तो दोन टोल्यांनी विजयी झाला.

केवळ कल पाहून काठी घेणारास आणखी एक गोष्ट फसविते : पात्याचा तळ. पूर्वीच्या काठ्यांची धार वाळूत रुतून बसे. जीन साराझेन या खेळाडूने विमान चालविण्यास शिकताना शेपटीची पट्टी विमानाची दिशा कशी बदलते ते पाहिले, आणि त्यावरून पात्याच्या तळास धातूचा डाग देऊन तो जाड व फुगीर केला. १९३२ साली इंग्लंडमधील प्रिन्सेस येथील खुली स्पर्धा त्याने जिंकली, तेव्हा ही काठी त्याच्या पिशवीत होती. असा तळ वाळूत रुतत नाही, सरकतो. परंतु उन्हाने तापून दगडासारख्या झालेल्या जमिनीवर तोच तळ आदळून उसळतो आणि धार चेंडूच्या मध्यावर येते. त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात, ५६ अंशांच्याच दोन काठ्या समोर असतील तर कमी फुगीर तळाची घ्यावी. पाऊस पडून माती मऊ झाली की दुसरी.