साखळी लोंबकळवली म्हणजे अर्थिंग झाले?

प्रश्न : मुक्कामी वीज जोडली की आमच्या कॅरॅव्हॅनच्या दाराच्या मुठीला झिणझिण्या येतात. रबरी टायरमुळे स्थिर वीज साचते, मागे साखळी लावा, असे गॅरेजवाले सांगतात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : स्थिर विजेचा चटका क्षणभर बसतो आणि संपतो, तोही बहुधा कोरड्या हवेत, सीटवरून उतरताना. वीज जोडलेली असेपर्यंत झिणझिण्या येत राहिल्या, तर ती गळती असते. तिच्यावर साखळी हा उपाय नव्हे. साखळी आणि जमीन यांच्यातला रोध 100 ओहम धरला, तर 230 व्होल्टला जेमतेम 2.3 अँपिअर प्रवाह वाहतो. तेवढ्याने 16 अँपिअरचा एमसीबी पडत नाही आणि पत्र्यात वीज उतरलेलीच राहते.

खरे अर्थिंग केबलमधल्या हिरव्या-पिवळ्या तारेतून येते. ही तार गाडीच्या चासीला पक्की जोडलेली हवी. सोबत गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पुष्कळदा दोष गाडीत नसतोही. रिसॉर्टच्या सॉकेटला अर्थचे मोठे छिद्र असते, पण आत तारच नसते! अशा वेळी चार्जरमधली किरकोळ गळतीही हाताला जाणवते. साधा टेस्टर हा दोष दाखवत नाही; सॉकेट वायरमनकडून तपासून घ्यावे.

दुरुस्ती सहसा तासाभराची असते, घाबरण्याचे कारण नाही. मात्र ती होईपर्यंत बाहेरची वीज जोडू नये. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून दाराला हात लावणे सर्वांत धोक्याचे.