मांडूहून इंदूर: वजनाच्या ऑपरेशनचा निर्णय

मांडू ते धार साधारण 35 किलोमीटर आणि धार ते इंदूर आणखी 65. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या इथल्या माणसाने आपल्या वजनाशेजारी हा 100 किलोमीटरचा आकडाही लिहून ठेवावा. ऑपरेशन काही तासांत आटोपतं, गुंतागुंत झाली नाही तर दोन-चार दिवसांत घरी सोडतात. त्यानंतरच्या तपासण्या आणि गोळ्या मात्र जन्मभराच्या. त्या आपल्याकडून निभावतील का, हे आधी ठरवायचं आणि ऑपरेशनचा प्रकार मग, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात मापाने करा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. उंची 1.60 मीटर असेल तर 70 किलोला तो साधारण 27.5 येतो, 83 किलोला 32.5 आणि 90 किलोला 35. भारतातले सर्जन बहुधा 35 च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करतात. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असे आजार जोडीला असतील तर 32.5 पासून. औषधांनी न आवरणाऱ्या मधुमेहात तर 27.5 लाही विषय निघू शकतो. पाश्चात्त्यांपेक्षा आपल्या मर्यादा खाली आहेत, त्याला कारण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. म्हणून कंबरही मोजा. पुरुषांनी 90 सेंटिमीटर आणि बायकांनी 80 ओलांडले, तर काटा काहीही सांगो, साखर आणि चरबीच्या तपासण्या करून घ्या.

मग वजन का वाढलं ते शोधा. थायरॉइड, अनेक वर्षं घेतलेली स्टिरॉइड, मानसिक आजारावरची काही औषधं यांचा वाटा किती, हे फिजिशियनला विचारा. आहार आणि चालणं नेटाने, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही महिने करून पाहा. 2025 मध्ये टिर्झेपेटाइड आणि त्यापाठोपाठ वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं भारतात आली. त्यांनी सरासरी 15 ते 20 टक्के वजन उतरतं, बंद केल्यावर बरंचसं परत येतं. बीएमआय 30 च्या आसपास असेल आणि मोठा आजार नसेल, तर आधी हा मार्ग पाहणं मला योग्य वाटतं. पण बीएमआय 45, गुडघे गेलेले, रात्री मशीन लावून झोपावं लागतं, अशा माणसाला ‘अजून थोडं चालून बघा’ म्हणत वर्षानुवर्षं थांबवणं हा अन्याय आहे. अशा लठ्ठपणात शस्त्रक्रियेचा परिणाम सर्वांत मोठा आणि टिकाऊ असतो आणि अनुभवी हातांत मृत्यूचा धोका हजारात एक ते तीन इतका कमी.

दारू सुटलेली नाही, नैराश्य आटोक्यात नाही किंवा वर्षभरात मूल हवंय, तर थांबा. ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळावी लागते आणि पोटाच्या बायपासनंतर (हा प्रकार पुढे येतो) गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. दुसरं साधन आधीच ठरवा.

आता तपासण्या. यात एन्डोस्कोपीला फाटा देऊ नका, कारण ऑपरेशनचा प्रकार बराचसा तिच्यावर ठरतो. हिमोग्लोबिन, लोह, बी-12 आणि ड जीवनसत्त्वाची पातळी आधीच पाहून ठेवा. शाकाहारी घरांत बी-12 बहुतेक वेळा मुळातच कमी असतं. धार जिल्ह्यातल्या भिल्ल-भिलाला कुटुंबांनी सिकल सेलची तपासणी करून घ्यावी. तो दोष असेल तर भूल देताना शरीरातलं पाणी आणि प्राणवायू फार जपावा लागतो.

प्रकार मुख्यतः तीन. स्लीव्हमध्ये पोटाचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून कायमचा काढतात. उरते केळ्याच्या आकाराची नळी. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. आतड्यांना हात लागत नाही, त्यामुळे जीवनसत्त्वांची तूट बायपासपेक्षा कमी. मात्र छातीत जळजळ असेल तर ती वाढू शकते. एन्डोस्कोपीत अन्ननलिका सोललेली दिसली, तर स्लीव्हचा आग्रह धरणाऱ्या सर्जनला कारण विचारा आणि दुसरं मत घ्या.

रू-एन-वाय बायपासमध्ये वरच्या बाजूला अंदाजे 30 मिलीची पिशवी ठेवतात आणि तिला आतड्याचा पुढचा भाग जोडतात. जळजळ असणाऱ्याला आणि बळावलेल्या मधुमेहाला हा प्रकार सरस. पण त्यानंतर तंबाखू, विडी, गुटखा कायमचा सोडावा लागतो, नाहीतर जोडापाशी व्रण होतो. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही वर्ज्य. गुडघ्यांसाठी त्या रोज घेणाऱ्याने हे सर्जनला आधीच सांगावं. सकाळी पोहे-जलेबी खाणाऱ्या आपल्या माळव्याला आणखी एक इशारा: बायपासनंतर जलेबीने घाम, धडधड, पोटात कळा आणि चक्कर येऊ शकते.

मिनी बायपासमध्ये जोड एकच, वेळ कमी, वजन चांगलं उतरतं. आतड्याचा लांब भाग वगळला जातो, त्यामुळे प्रथिनं, लोह आणि जीवनसत्त्वांची तूट हा त्याचा खरा धोका. काहींना पित्त वर येतं. ज्याला दरवर्षी इंदूर गाठणं जमणार नाही, ज्याचा आहार डाळ-पानियेपुरताच आहे, त्याने हा प्रकार फार विचार करून निवडावा. जळजळ नसेल तर अशा माणसाला स्लीव्ह बरा. पुढे गरज पडली तर त्याचा बायपास करता येतो. इन्शुलिन दहा-पंधरा वर्षं चालू असेल, तर कोणत्याही प्रकाराने मधुमेह पूर्ण जाईल अशी आशा धरू नका. सी-पेप्टाइड तपासून स्वादुपिंडात किती दम उरलाय ते पाहा. नितीन गडकरींनी 2011 मध्ये मुंबईत वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यांना लाभली ती आपल्यालाही लाभेल, हा हिशेब करू नका. आपली एन्डोस्कोपी, आपली साखर, आपलं ताट यांवरून ठरवा.

सर्जनला भेटाल तेव्हा विचारा: हा विशिष्ट प्रकार तुम्ही वर्षाला किती करता? रात्री दोन वाजता दुखलं तर फोन कोण उचलेल? टाक्यांतून गळती झाली तर पुन्हा ऑपरेशनचा आणि अतिदक्षता विभागाचा खर्च पॅकेजमध्ये आहे का? विम्याचं पत्र लेखी घ्या. विमा नियामकाच्या अटींप्रमाणे बीएमआय 40 लागतो, किंवा 35 आणि त्यासोबत हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह अथवा झोपेतला गंभीर श्वासरोध. डॉक्टर 32.5 ला ‘करा’ म्हणाले तरी विमा कंपनी नकार देऊ शकते.

ऑपरेशननंतर पहिले 15 दिवस मांडूला परतू नका. इंदूरमध्ये आत्या-मावशीकडे राहा. ताप, पोटात किंवा खांद्यात दुखणं, नाडी 120 च्या वर, ही टाक्यांतून गळती होत असल्याची चिन्हं असू शकतात आणि तेव्हा तासांचा हिशेब असतो. सुरुवातीचे आठवडे पातळ आहार, मग मऊ, मग नेहमीचा. रोज किमान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात आणि पोटात मावतं जेमतेम वाटीभर. म्हणून ताटात आधी पनीर, घट्ट वरण, दही, चालत असेल तर अंडं, आणि भात-पोळी शेवटी. तुपात बुडवलेला बाफला बराच काळ विसरा. पहिल्या वर्षी निर्जळी एकादशी नको. घोट घोट पाणी हेच तेव्हाचं व्रत. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी काही महिने गोळी देतात का, तेही विचारा.

पहिल्या वर्षात एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी तपासणी, पुढे दरवर्षी. रक्त धारला देऊन अहवाल फोनवर पाठवायला इंदूरचे डॉक्टर तयार आहेत का, हे आधी ठरवून घ्या. त्याने अर्ध्या खेपा वाचतात. घरी निघताना एका कागदावर ऑपरेशनचं पूर्ण नाव, तारीख, वगळलेल्या आतड्याची लांबी आणि सर्जनचा नंबर लिहून घ्या आणि त्याची प्रत गावच्या डॉक्टरांकडे ठेवा. त्याच कागदावर दोन सूचना ठळक लिहायला लावा. उलट्या थांबत नसतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायचं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. आणि बायपास झालेल्याच्या पोटात कितीही वर्षांनी अचानक जोराची कळ आली तर गॅस समजून गोळी देत बसायचं नाही. आतडं आत अडकलं असू शकतं, रुग्णाला लगेच सीटी स्कॅन आणि सर्जन असलेल्या रुग्णालयात हलवायचं.